मनगट दुखतंय, पण केस पेपरवर 'गृहिणी'



गेले काही महिने आजरा-चंदगड भागातल्या गटांच्या बैठकांना जाते आहे. बचत जमा झाली, हप्ते झाले, बँकेचं काम झालं की शेवटी चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे हात. "रातच्याला हाताला मुंग्या येत्यात, झटकत बसायला लागतंय." "अंगठ्याच्या बुडाला कळ मारती, कळशी उचलना." बोलणाऱ्या ताई बहुतेक काजूच्या युनिटला कामाला जाणाऱ्या, कुणी कटरवर, कुणी सोलायला. मग कुणीतरी विचारतं, "ह्याची भरपाई मिळती का ओ मॅडम?"

याचं उत्तर सरळ हो नाही आणि सरळ नाहीसुद्धा नाही. म्हणून या अंकात सविस्तर लिहिते आहे. लेख लांब झालाय. एका बैठकीत अर्धा वाचा, उरलेला पुढच्या बैठकीत.

आधी दुखणं काय आहे ते बघू. कटरवर एका बीला एकदा पाय दाबावा लागतो आणि एकदा हाताने दांडा ओढावा लागतो. वेंगुर्ला-4 जातीची बी साधारण साडेसात ग्रॅमची असते, म्हणजे किलोत सव्वाशेच्या वर बिया. गावठी बी लहान, ती आणखी जास्त भरते. समजा दिवसाला 20 किलो बी फोडली, तर अडीच हजारांपेक्षा जास्त वेळा तेच मनगट तसंच वळलं. आठवड्याला सहा दिवस धरले तर पंधरा हजारांच्या वर. शेतात भांगलताना हात दुखतो, पण तिथे काम बदलत राहतं, वाकणं-उठणं होतं, मध्ये कुणी हाक मारतं. कटरवर तसं नाही. एकच हालचाल, एकाच जोरात, एकाच बाजूला.

आपल्या बोटांना हलवणाऱ्या दोऱ्या मनगटातल्या एका अरुंद वाटेने जातात आणि त्यांच्याबरोबर एक नसही जाते. तीच ती हालचाल होऊन दोऱ्या सुजल्या की नस दाबली जाते. मग अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट बधिर होतं, आणि त्रास रात्री जास्त होतो. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. अंगठ्याच्या बुडाशी मनगटाच्या कडेला कळ येते ते वेगळं दुखणं, तिथल्या दोरीच्या आवरणाला सूज आलेली असते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं तेही वेगळं. सोलणाऱ्या ताईंचं बोट वाकलेलं अडकतं आणि टक्‌ करून सुटतं, ते आणखी वेगळं. सगळ्यांचं मूळ एकच, विश्रांती न देता केलेली तीच ती हालचाल. सुरुवातीला काम कमी केलं, मनगटाला पट्टा लावला तर बहुतेकींचं आटोक्यात येतं. वर्ष-दोन वर्षं बाम चोळत काढली की अंगठ्याच्या उंचवट्याचं मांस झिजतं, पकड जाते, मग ऑपरेशन करूनही पूर्ण भरून येईलच असं नाही.

आता कायदा. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे 1923 पासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि भरपाईच्या तरतुदी 'सामाजिक सुरक्षा संहिता, 2020' मध्ये गेल्या. नाव बदललं तरी गाभा तोच राहिला. कामामुळे आणि काम करत असताना अपघात होऊन इजा झाली आणि बाई तीन दिवसांपेक्षा जास्त दिवस कामाला मुकली, तर भरपाईचा हक्क. युनिटमध्ये दहाच बायका आहेत की पाच, याने फरक पडत नाही. ठेकेदारामार्फत कामाला असलात तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

आजारासाठी मात्र कायद्याने एक यादी केली आहे. तिसरी अनुसूची म्हणतात तिला. त्यात शिशाची विषबाधा आहे, दगडखाणीतल्या धुळीचा फुफ्फुसाचा आजार आहे, कापसाच्या धुळीचा आहे, मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा आहे, कामाच्या ठिकाणचा दमा आहे. यादीतला आजार झाला आणि काम त्या प्रकारचं असलं की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर मालकाने सिद्ध करायचं.

त्या यादीत हात नाही. मनगट नाही, कोपर नाही, गुडघा नाही, पाठ नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 साली व्यावसायिक आजारांची सुधारित यादी काढली, तिच्यात मनगटाच्या दोऱ्यांची सूज, कोपराचं दुखणं, कार्पल टनेल ही सगळी नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. आपल्या यादीत ती आली नाहीत. माझं मत विचाराल तर हा योगायोग नाही. यादीत जे आहे ते बहुतेक खाण, गिरणी, रसायनांचा कारखाना इथलं. बसून, हाताने, नगावर किंवा किलोवर करायचं काम यादी करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे नसावं.

यादीत नसलेल्या आजाराला कायद्यात दुसरी वाट आहे, पण ती चढाची. तो आजार कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेतून थेट आला, असं आपण दाखवावं लागतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या धरा. एखाद्या दिवशी कटरचा दांडा अडकला, जोर लावताना मनगटात कट्‌ झालं आणि तिथून हात दुखायला लागला, तर तो सरळ अपघात आहे. तारीख आहे, वेळ आहे, शेजारी बसलेल्या दोघी साक्षीला आहेत. तो त्याच दिवशी मालकाला सांगायचा आणि लिहून ठेवायचा. पण काहीच कट्‌ झालं नाही, नुसतंच वर्षभरात हळूहळू वाढत गेलं, तर दावा अवघड आहे. अशक्य म्हणणार नाही. खोटी आशा मात्र दाखवणार नाही.

अशा वेळी काही जणी सल्ला देतात, "पडले म्हणून सांग की." ताईंनो, हे करू नका. दवाखान्याच्या कागदावर 'सहा महिन्यांपासून मुंग्या' असं लिहिलेलं असतं आणि अर्जात 'मंगळवारी पडले' असं असतं. मालकाच्या वकिलाला तेवढं पुरतं. मग खरं दुखणंही खोटं ठरतं.

हळूहळू आलेल्या दुखण्याचा दावा केला की मालकाकडून पहिलं उत्तर काय येणार, हे आपल्याला पाठ आहे. "घरी भाकरी थापता, धुणं धुता, पाणी भरता, त्यानेच हात दुखतो." दुसरं उत्तर, "तुम्हाला थायरॉईड आहे, शुगर आहे, म्हणून होतंय." यात थोडं खरंही आहे. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांत मनगटाची नस दबण्याचा संभव वाढतो. पण काम हे एकमेव कारण असलं पाहिजे असं न्यायालयांनी म्हटलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयात लक्ष्मीबाई आत्माराम यांचा खटला झाला. त्यांचे पती मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये रखवालीच्या कामावर असताना छातीत दुखून वारले, हृदयाचा आजार आधीपासून होता. न्यायालयाने म्हटलं की आजार आधीचा असला तरी कामाच्या ताणाने त्यात भर पडली असेल, मरण लवकर ओढवलं असेल, तर तो कामामुळे झालेला अपघातच. हा निकाल हृदयाचा आहे, हाताचा नाही. तरी 'घरकामामुळे झालं' या उत्तराला त्यातून प्रत्युत्तर मिळतं. घरी भाकरी सगळ्याच थापतात. कटरवर बसणारीचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त का बिघडला, हे सांगायचं.

हे सांगायला कागद लागतो आणि इथेच आपण कमी पडतो. माझ्याकडे ताई कागद घेऊन येतात तेव्हा मी सगळ्यात आधी केस पेपर बघते. नाव, वय, गाव बरोबर असतं. व्यवसायाच्या जागी लिहिलेलं असतं 'गृहिणी'. कधी 'शेती'. दहा-दहा वर्षं कटरवर बसलेली बाई दवाखान्याच्या कागदावर गृहिणी! कुणी मुद्दाम करत नाही. खिडकीवर गर्दी असते, लिहिणारा विचारत नाही, आपण सांगत नाही. पण दोन वर्षांनी तोच कागद पुढे येतो आणि त्यावर कामाचा एक शब्द नसतो.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर स्वतःहून सांगा. "काजू युनिटला कटरवर काम करते, इतक्या वर्षांपासून, रोज इतके तास, उजव्या हाताने दांडा ओढते." डॉक्टरांना विनंती करा की हे केस पेपरवर लिहा. औषध-गोळीपुरतं गावच्या दवाखान्यात ठीक आहे, पण महिनाभरात फरक पडला नाही तर गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआरमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नस किती दबली आहे हे नसांच्या तपासणीत आकड्यात कळतं. तिला नर्व्ह कंडक्शन टेस्ट म्हणतात. तो रिपोर्ट जपून ठेवा. ऑपरेशन सांगितलं तर आधी आरोग्यमित्राला भेटून ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे विचारून घ्या. खासगीत पैसे भरून आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

दुसरा कागद मजुरीचा. गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर आपण बैठक थांबवतो. पण आज किती किलो फोडले आणि किती पैसे मिळाले, याची स्वतःची वही किती जणींकडे आहे? भरपाईचा हिशेब महिन्याच्या मजुरीवर होतो आणि किलोवर काम करणारीची मजुरी मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर काढतात. मालकाच्या रजिस्टरात किती लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, किलो, पैसे, कामाचे तास, आणि त्या दिवशी हात दुखला असेल तर तेही. मोबाईलवर मुकादम वजनाचा मेसेज टाकत असेल तर तो पुसू नका.

तिसरा कागद मालकाला द्यायची सूचना. हा मात्र लोक घाबरून देत नाहीत. भाषा नम्र ठेवली तरी चालते. नमुना देते:

"मा. महोदय, मी आपल्या युनिटमध्ये अमुक सालापासून काजू कटिंगचे काम करते. दिनांक अमुकपासून माझ्या उजव्या मनगटात वेदना व बोटांना बधिरपणा आहे. दिनांक अमुक रोजी डॉक्टरांनी तपासून कटिंगचे काम काही काळ न करण्याचा सल्ला दिला आहे. ही इजा कामामुळे झाली असल्याची सूचना मी या पत्राने देत आहे. तोपर्यंत मला प्रतवारीचे किंवा इतर हलके काम द्यावे, ही विनंती."

दोन प्रती करा, एकीवर सही-तारीख घ्या. सही देत नसतील तर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती ठेवा. वाट बघत बसू नका, कारण दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. अपघात असेल तर त्या दिवसापासून दोन वर्षं. सूचनेची तारीख नसली की मुदतीचा वाद निघतो आणि तो सहसा आपल्या विरोधात जातो.

आता पैशांचा हिशेब, म्हणजे कशासाठी एवढी खटपट करायची ते कळेल. काही काळ काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला अर्धी मजुरी. कायमचं अधूपण राहिलं तर एकरकमी. समजा ताईंचं वय 40, महिन्याची मजुरी 9,000 रुपये. मजुरीचे 60 टक्के म्हणजे 5,400. चाळिशीसाठी कायद्यातला गुणक 184.17. गुणाकार केला की 9,94,518 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. डॉक्टरांनी कमावण्याची ताकद 10 टक्के गेली असं लिहिलं, तर त्याचे 10 टक्के, म्हणजे साधारण 99,450 रुपये. इथे 'कमावण्याची ताकद' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मनगट किती टक्के वाकतं हे वेगळं, आणि त्या मनगटाने आता किती किलो फोडता येतात हे वेगळं. डॉक्टरांना दुसरं सांगायला आपली वही उपयोगी पडते.

दोन योजनांबद्दल गैरसमज आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, ज्याचे वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात, तो आपल्या जवळपास सगळ्या सदस्यांचा आहे. त्यातून मनगटाच्या दुखण्याचे पैसे मिळत नाहीत. अपघाताने मृत्यू, किंवा डोळा, हात, पाय कायमचा निकामी झाला तरच तो लागतो. याउलट ईएसआयकडे आपलं लक्षच जात नाही. युनिटमध्ये दहा किंवा जास्त कामगार असतील आणि मजुरी महिना 21,000 पर्यंत असेल, तर मजुरीतून 0.75 टक्के कापून मालकाने 3.25 टक्के घालून ईएसआय भरायला हवं. ते चालू असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते. त्यासाठी दुखणं कामामुळे झालं हे सिद्ध करावं लागत नाही, डॉक्टरांचा दाखला आणि पुरेशा दिवसांची वर्गणी लागते. हाताच्या दुखण्याला ही वाट भरपाईच्या दाव्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय नंबर आहे का ते आधी बघा. चिठ्ठीच मिळत नसेल तर तीच पहिली मागणी करा.

घरी सोलायला गर नेणाऱ्या ताईंचा प्रश्न जास्त अवघड आहे. मालक म्हणतो, त्या माझ्या कामगारच नाहीत. विडी कामगार बायकांना हेच ऐकवलं गेलं होतं. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात घरी विडी वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगार मानलं. त्यातलं एक कारण असं होतं की खराब विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे असतो, म्हणजे कामावर त्याची देखरेख आहे. तुकडा झालेल्या गराचे पैसे जो कापतो, त्याची देखरेख नाही असं कसं म्हणणार? हा निकाल भरपाईच्या कायद्याखालचा नाही, पण वकिलाला सांगायला उपयोगी आहे. घरकाम करणाऱ्यांनी तर वही ठेवायलाच हवी, कारण दुसरं रजिस्टर कुठे नसतंच.

शेवटचा मुद्दा थोडा अवघडलेला आहे, पण लिहिते. काही संघांचं स्वतःचं काजू प्रक्रिया केंद्र आहे. तिथे रोजंदारीवर बसणारी बाई सदस्य असली तरी कामगार आहे आणि संघ मालक आहे. नोंदणी असो नसो, मजुरी देऊन काम करून घेणारी कुठलीही संस्था कायद्याने मालकच. एका कार्यकारिणीत मी हे मांडलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मग आपणच आपल्यावर केस करायची व्हय?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र बरोबर आहे. केस होऊ नये म्हणून आधी कामात बदल करता येतात आणि त्यांना फार खर्च नाही. कटरचं पातं बोथट झालं की दांड्याला दुप्पट जोर लागतो, म्हणून धार लावायचा आणि तेल द्यायचा दिवस ठरवा. बी नीट वाफवली गेली नाही तर फोडायला कठीण जाते. दर दोन तासांनी कटरवरच्या बाईला प्रतवारीला बसवा आणि प्रतवारीवालीला कटरवर. बसायची उंची अशी करा की दांडा ओढताना खांदा वर उचलावा लागणार नाही.

खरी अडचण किलोच्या दराची आहे. किलोवर पैसे असले की कुणी स्वतःहून उठत नाही आणि प्रतवारीला बसली तर तिची मजुरी बुडते. म्हणून माझी सूचना अशी की निदान आपल्या केंद्रांवर काम बदलल्याच्या दिवशी मजुरी कमी होणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत घ्यावा. सोबत कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्यावी. विमा कंपनीकडून दर मागवताना कामाचं वर्णन 'पॅकिंग' असं न लिहिता 'कटिंग' असं लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच अडचणीचं होईल. या दोन्ही गोष्टींवर काही पदाधिकाऱ्यांचं मत वेगळं आहे. खर्च वाढेल असं त्या म्हणतात. वाढेलच. त्याचा आकडा सभेपुढे ठेवू आणि मग ठरवू.

ज्यांचा हात आत्ता दुखतोय त्यांनी केस पेपर, असेल ती वही आणि मजुरीची चिठ्ठी घेऊन पुढच्या मासिक बैठकीला यावं. सूचनेचं पत्र तिथेच लिहून घेऊ. वकील लागला तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा विधी सेवेचा नंबर आहे. तोवर पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की खिडकीवरून हलण्याआधी केस पेपरवरचा व्यवसाय वाचून घ्या. वाचता येत नसेल तर बरोबर आलेल्या मुलीला वाचायला सांगा.